मसुदाबाईंचा सुंदर मसुदा

कचेरीच्या जिन्याखाली, जिथे एरवी मोडक्या खुर्च्या आणि झाडू ठेवायचे, तिथे मसुदाबाईंचं टेबल आहे. टेबलावर संगणक, शेजारी प्रिंटर, आणि प्रिंटर तापला की त्याला वारा घालायला एक पुठ्ठा. बाईंचं खरं नाव त्यांच्या ओळखपत्रावर आहे आणि तिथेच ते सुखरूप आहे. बाकी सगळं गाव त्यांना मसुदाबाईच म्हणतं.

अर्ज लिहून घ्यायला समोर बसलेला माणूस ‘त्या हलकटानं माझी भिंत पाडली हो’ म्हणून गळा काढतो. त्याचं नाक पुसून होईपर्यंत पडद्यावर उमटलेलं असतं : ‘सदर इसमाने अर्जदाराच्या मालकीच्या भिंतीस हेतुपुरस्सर हानी पोहोचविली आहे.’ ते वाचून अर्जदाराचं रडणं जागच्या जागी थांबतं. आपलं दुःख इतकं रुबाबदार आहे, हे त्याला तोवर ठाऊकच नसतं.

बाईंचे यजमान छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर असतात. ते म्हणतात, “हिच्याशी भांडायचं तर आधी वकील लावायला हवा.” एकदा त्यांनी रुसवा काढायला बायकोला चिठ्ठी लिहिली. बाईंनी तिचे नीट परिच्छेद पाडून, शेवटी ‘आपला विश्वासू’ घालून परत दिली. रुसवा गेला, पण यजमानांनी पुन्हा म्हणून कधी चिठ्ठी लिहिली नाही.

तर अशा या बाईंच्या डोक्यावरच, म्हणजे जिन्याच्या वरच्या फळ्यावर, एके दिवशी दूरसंचार खात्याची जाहीर सूचना लागली. ज्या भागांत तारेचे फोन थोडे उरलेत, तिथली तार काढून घ्यायची आणि लोकांनी मोबाईल आणि इंटरनेट वापरायचं, असं खात्याच्या मनात आलं होतं. नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना महिन्याभरात कळवाव्यात. खाली गावांची यादी. यादीत सगळ्यात शेवटी, जागा उरली म्हणून घातल्यासारखी, वरची वस्ती.

वरची वस्ती दगडाच्या खाणीमागे आहे. मध्ये एवढा मोठा कडा, की तिथे मोबाईलचा उपयोग किती वाजले ते बघण्यापुरता. बोलायचं असेल तर पाण्याच्या टाकीवर चढायचं. त्या वस्तीत, खाणीत कामाला असलेल्या लोकांच्या शेजाराला, बाईंची आई एकटी राहते. लेकीकडे ये म्हटलं तर म्हणते, “तुझ्या घरात पंखे फार.” तिच्याकडे लाल रंगाचा तारेचा फोन आहे. रोज दिवेलागणीला बाई त्याच्यावर फोन लावतात.

“कशी आहेस?”

“ठणठणीत. मला काय धाड भरलीये?”

वर्षानुवर्षं हेच. पण हे एवढं ऐकल्याशिवाय बाईंच्या घरात कुकर चढत नाही.

बाईंनी सूचना दोनदा वाचली. त्यांनी बाकीची कामं बाजूला सारली आणि आयुष्यातला सगळ्यात सुंदर मसुदा केला. ‘भौगोलिक प्रतिकूलता’, ‘ज्येष्ठ नागरिकांची निकड’, ‘संपर्काचा एकमेव आधार’. एकेक शब्द असा, की वाचणाऱ्यानं उठून उभं राहावं. वस्तीतली माणसं पाळीपाळीनं आली. बाईंनी नाव आणि पत्ता बदलून प्रत काढायची, त्यांनी सही करायची. पैसे कुणाकडून घेतले नाहीत. वस्तीतला एक गवंडी, ज्याच्याशी वाद घालायला आख्खी खाण घाबरते, तोसुद्धा प्रत हातात धरून म्हणाला, “ताई, हे मी म्हटलंय? मी तर भलताच शहाणा निघालो की!”

आईनं मात्र फोनवरच घोळ घातला. “वाचून दाखव, चिमे.”

बाईंनी वाचला, सुरात वाचला.

“छान आहे गं. पण यात मी कुठाय?”

“अगं, ‘ज्येष्ठ नागरिक’ लिहिलंय ना, त्यात.”

“एकटीच?”

“नाही, सगळे त्यातच आलेत.”

“मग गर्दी आहे तिथे. मी नाही सही करत.”

बाईंनी यजमानांना सांगितलं, “आईचं वय झालं.” यजमान म्हणाले, “तुझ्या मसुद्याला नाही म्हणणारं माणूस जन्मलंय, हे ऐकून बरं वाटलं.”

सुनावणी नगर सभागृहात होती. पंखे घरघरत होते, माईक मध्येच किंचाळत होता. वस्तीतली माणसं धुतलेले कपडे घालून रांगेनं बसली होती आणि पुढच्या खुर्चीवर मसुदाबाई, निकाल खिशात असल्यासारख्या. खात्याचे साहेब तरुण होते आणि इतके सौम्य, की त्यांचा राग यायचा म्हटलं तरी धरायला काही सापडेना. त्यांनी समोरचा कागद उचलला.

“वरची वस्ती. आलेल्या हरकती : एक.”

कुणाला काही कळेना. गवंडी शेजारच्याला म्हणाला, “बाकीच्या टपालात हरवल्या काय?”

बाई उभ्या राहिल्या. “साहेब, गठ्ठाच्या गठ्ठा दिलाय आम्ही. पोच आहे माझ्याकडे.”

“गठ्ठा मिळाला, बाई. पण सगळ्यांचा मजकूर अक्षरशः एक आहे. एका मजकुराच्या हरकती कितीही आल्या तरी एकच धरायची, असा नियम आहे. नाहीतर कुणीही उठून हजार प्रती काढेल.”

“पण माणसं वेगळी आहेत! सह्या वेगळ्या आहेत!”

“सह्या वेगळ्या आहेत. म्हणणं वेगळं नाही.” आणि मग, बहुतेक बरं वाटावं म्हणून, “मसुदा मात्र उत्तम आहे हं. आमच्या ऑफिसात असं कुणी लिहीत नाही.”

अंधारात जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं बाईंचं झालं. त्या खुर्चीत बसल्या तेव्हा खुर्ची आहे की नाही, हेही त्यांनी पाहिलं नाही. मागे वळायची हिंमत होईना. पाठीला रांगच्या रांग टोचत होती.

“कुणाला तोंडी काही सांगायचंय?” साहेबांनी विचारलं. “तेही वेगळं म्हणणं म्हणून धरू.”

जगाशी भांडणारा गवंडी स्वतःच्या चपला बघायला लागला. सगळ्यांच्या मनात एकच, की बाईंनी लिहिलंय त्याच्या पुढे आपण काय बोलायचं?

“मी सांगते,” मागच्या दारातून आवाज आला. “तो माईक नको. ओरडतो मेला.”

बाई ताडकन वळल्या. आई! खाणीच्या ट्रकमधून आली होती; ड्रायव्हर तिची पिशवी धरून मागे उभा. लेकीकडे न बघता ती काठी टेकत थेट साहेबांसमोर गेली.

“मागच्या हिवाळ्यात मी न्हाणीच्या उंबऱ्यात पडले. उठता येईना. ओरडले, पण खाणीत सुरुंग उडत होते, कुणाला काय ऐकू जातंय? मग या काठीनं फोनची वायर ओढली. फोन आला तो थेट कपाळावर. ही बघा खूण. पडल्यापडल्या शेजारणीला लावला, तिनं कडी तोडली. आता तुम्ही म्हणता मोबाईल घ्या. मोडक्या कंबरेनं टाकीवर चढू का मी?”

साहेबांनी ते लिहून घेतलं.

मसुदाबाई उठून पुढे आल्या. “आई, ती खूण... कपाटाचं दार लागलं म्हणाली होतीस!”

“म्हणाले होते.”

“आणि मी रोज फोन करत होते!”

“त्या दिवशीही केलास. घरी डॉक्टर कंबरेचा पट्टा आवळत होते तेव्हा. मी म्हटलं, ठणठणीत. खरं सांगितलं असतं तर तू माझं सामान बांधलं असतंस. तेही यादी करून!”

सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत. गावभराची दुःखं ऐकणाऱ्या या बाईला, रोज दिवेलागणीला कानाला लागून असलेलं एक ऐकूच आलं नव्हतं.

काही आठवड्यांनी जिन्यावरच्या फळ्यावर निर्णय लागला. प्राप्त झालेल्या एकूण दोन म्हणण्यांचा विचार करून वरच्या वस्तीतील तारेची सेवा बंद. मात्र तोंडी निवेदनातून निकड दिसून आलेल्या घरातील एक जोडणी, वस्तीच्या सामाईक सोयीसाठी, चालू. फेरविचार हवा असल्यास प्रत्येकाने पंधरवड्यात आपले स्वतंत्र म्हणणे द्यावे.

“म्हणजे सासूबाईंचा फोन वाचला,” यजमान म्हणाले, आणि बायकोचं तोंड बघून पुढचं गिळलं.

पंधरवडा संपायच्या आतच तार कापली. त्या दिवशी दिवेलागणीला बाईंनी फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. जिन्याखाली बसून त्या लावत राहिल्या. कचेरीचा शिपाई कुलूप घेऊन ताटकळला. आई पुन्हा पडली का? आख्ख्या वस्तीचे फोन आता त्या एका लाल फोनवरून होणार, हे कळायला त्यांना बराच वेळ लागला.

शेवटी आईचाच फोन आला.

“चिमे, रांग लागलीये दारात, पटकन बोल. मी ठणठणीत आहे.”

“खरं सांग.”

आई म्हणाली, “कंबर दुखते. रोजच दुखते. झालं? आता फेरविचाराचं ऐक. एकेकाला फोन देते, जो जे सांगेल ते लिही. तुझं काही घालू नकोस.”

बाईंनी कोरं पान उघडलं, मोबाईलचा आवाज मोठा केला आणि दोन्ही हात की-बोर्डवर ठेवले. पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. गवंडी.

“बोला दादा,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला फोन कशाला लागतो? तुमच्या शब्दांत सांगा. जसं येईल तसं.”

“माझ्या शब्दांत?” गवंडी चांगलाच गडबडला. मागे रांगेत कुजबुज झाली, मग त्यानं सगळ्यांच्या वतीनं सांगून टाकलं, “ताई, ते मागच्या वेळचं काय झकास होतं! तेच टाका की परत!”