गाऱ्हाण्यातली मॅच

आमच्या गावाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. गावात राहतात त्यापेक्षा जास्त माणसं त्या ग्रुपवर आहेत, कारण गावात राहणारे थोडे आणि गावाविषयी मत असणारे फार. सकाळी मी शेडचं कुलूप काढून भट्टी पेटवते, तोवर ग्रुपवर देशाचे निम्मे प्रश्न निकालात निघालेले असतात.

माझी काजूची शेड आहे, लांज्याच्या रस्त्याला. पूर्वी मी डोक्यावर टोपली घेऊन वाड्यावाड्यांतून बी गोळा करायचे आणि दुसऱ्याच्या कारखान्यावर नेऊन घालायचे. आता माझ्याच शेडवर गावातल्या बायका बी फोडतात, सोलतात, गर निवडतात. हे मी घासाघीस करून उभं केलं आहे. त्यामुळे गावात मला पाठीमागे शेठीणबाई म्हणतात आणि समोर वहिनी. दोन्हींत फारसा आदर नाही, हे मला कळतं.

तर ग्रुप. तरुणांनी आठवड्याला किती तास राबावं यावर तिथे महिनाभर वाद चालला होता. जास्तीत जास्त तास मागणारे तिघे पेन्शनीत आहेत आणि त्यांतला एक नोकरीत असतानाही दुपारचा झोपायचा, हे त्याच्या बायकोनेच मला सांगितलं आहे. पाळीच्या दिवसांत बायकांना रजा द्यावी की नाही, यावर सगळे पुरुष बोलले. कुणी म्हणालं, बायका याचा फायदा घेतील. कुणी म्हणालं, आमच्या आईने कधी घेतली नाही. मी शेडवर ही रजा कधीचीच देते. मी काही समाजसुधारक नाही. पोटात कळा येत असताना बाई बी फोडायला बसली की गराचे तुकडे होतात, आणि तुकडा गर अख्ख्याच्या भावाने जात नाही. एवढा साधा हिशेब त्या ग्रुपवर एकालाही सुचला नाही.

जात आता उरली नाही, असं लांबलचक लिहिणारा एक बागायतदारही आहे. त्याच्या पडवीत माझ्या दोन बायकांना चहा वेगळ्या कपात मिळतो. मी त्याची बी घेणं बंद केलं. त्याने विचारलं, का? मी म्हटलं, तुमच्या बीला वास येतो. मग तो ग्रुपवर लिहायला लागला की व्यापारी लोक कोकणी शेतकऱ्याची पिळवणूक करतात.

या सगळ्यांचे मुकुटमणी आमच्या मंडळाचे अध्यक्ष. मुंबईत कंपनीत नोकरी करून आता गावात बंगला बांधून राहिलेत. सिनेमावर बंदी असो, भाषेचं भांडण असो, खेळाडूंनी एकमेकांशी हात मिळवला नाही म्हणून उठलेलं वादळ असो, अध्यक्षांचं मत तयार. देशाच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी एवढं मोठं लिहिलं की वाचायला बोटाने कितीदा तरी वर सरकवावं लागलं. लेकींना मैदान द्या, आकाश त्या स्वतः घेतील, असं काहीतरी होतं. खाली फुलं, हात जोडलेले, टाळ्या.

त्याच सकाळी ते मला स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर भेटले. चार माणसं बसलेली होती. मी म्हटलं, "भाऊ, छान लिहिलंत. मग जानेवारीत आपल्या सड्यावर स्पर्धा आहे, त्यात गावातल्या लेकींना एक मॅच द्या."

माझ्या शेडवरच्या बायका खेळायच्या. जेवणाच्या सुट्टीत, काजू वाळवायच्या खळ्यात, फळीची बॅट करून. काजूच्या चिकाने बोटं काळी पडलेली असतात त्यांची, पण झेल सुटत नाही. वरच्या वाडीतल्या बचत गटाच्या बायकाही खेळतात. दोन संघ तयारच होते. हवी होती फक्त चार माणसांसमोर, खऱ्या मैदानात एक मॅच. माझ्यापाशी कितीदा तरी बोलल्या होत्या. शेडमागच्या खळ्यात मारलेला षटकार कुणी बघत नाही, म्हणायच्या.

टपरीवर चार माणसं ऐकत होती, म्हणून अध्यक्ष म्हणाले, "दिली."

फुकट मागायची मला सवय नाही आणि फुकट मिळालेल्यावर विश्वासही नाही. आमचा सडा म्हणजे उघडा कातळ. चेंडू टप्पा पडला की कुठेही उडतो. दरवर्षी माती टाकायची चर्चा होते आणि दरवर्षी ती करायला माणसं नसतात, कारण ती मुंबईत असतात. मी म्हटलं, माती आम्ही टाकतो, मॅच तुम्ही द्या. अध्यक्षांनी मान हलवली. माझ्या टेम्पोने लाल माती वर नेली आणि शेडवरच्या व बचत गटाच्या बायकांनी घमेल्याने ती पसरली, पाणी मारलं, चोपली. खेळपट्टी अशी झाली की मुंबईकर पोरांनी फोटो मागवले. ग्रुपवर अध्यक्षांनी लिहिलं, मंडळाच्या अथक परिश्रमांतून. मी तेही चालवून घेतलं. सौदा अजून पुरा व्हायचा होता.

जानेवारी आला. स्पर्धेचा कार्यक्रम छापून आला, त्यात बायकांची मॅच नव्हती. मी बंगल्यावर गेले. अध्यक्ष झोपाळ्यावर बसले होते. म्हणाले की बाहेरगावचे संघ येतात, वेळ बसत नाही. मी म्हटलं, जेवणाच्या वेळेत द्या, तेव्हा मैदान रिकामंच असतं. मग म्हणाले की मैदान देवळासमोर आहे. मी म्हटलं, पुरुष काय देवळामागे खेळतात? मग खरं बाहेर आलं. कमिटीत चर्चा झाली होती. लग्न झालेल्या बायका पँट घालून पळणार, बाहेरची पोरं व्हिडिओ काढणार, उद्या कुणाचा व्हिडिओ कुठे फिरला तर जबाबदार कोण? शोभत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं.

"तुमचं स्वतःचं?"

"वहिनी, माझं मत तुम्हाला माहीत आहे. मी जाहीर लिहिलंय. पण गाव म्हणून चालावं लागतं."

अशा वेळी माझं डोकं फिरतं. दिलेला शब्द मोडणारा व्यापारी पुढच्या सीझनला बाजारात उभा राहू शकत नाही. इथे मात्र शब्द मोडून माणूस अध्यक्ष राहतो, वर मतही बाळगतो. मी झोपाळ्याची कडी हाताने धरली आणि झोपाळा थांबवला. त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या बायकोने आतून पाणी आणलं. मी ते पिऊन आले. तहान लागली होती.

शेडवर सांगितलं तेव्हा कुणी रडलं वगैरे नाही. एक जण म्हणाली, माती परत आणायची काय? सगळ्या हसल्या आणि बी फोडायला लागल्या. त्या दिवशी खळ्यात कुणी खेळलं नाही. मला ते बघवेना.

ग्रुपवर लिहायचा प्रश्नच नव्हता. आमच्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात. बोलणारे सगळे पुरुष अ‍ॅडमिन आहेत, मी नाही, आणि लोकशाहीवर चर्चा करून त्यांनीच तसं ठरवलं आहे. पण माणूस जिथे विचार न करता होकार देतो, तिथे सौदा करावा, हे मला धंद्याने शिकवलं आहे. आमच्या गावात अशी एकच जागा आहे. गाऱ्हाणं.

गावात काहीही सुरू करायचं तर आधी गुरव नारळ हातात घेऊन देवापुढे गाऱ्हाणं घालतो. तो एकेक मागणं मागतो आणि भोवती उभी असलेली माणसं प्रत्येक मागण्याला एका सुरात 'व्हय महाराजा' म्हणतात. लहानपणापासून म्हणत आलेली असतात. गुरवाचा आवाज शेवटी वर चढला की यांचा 'व्हय' आपोआप निघतो. तो काय म्हणाला हे कुणी ऐकत नाही. लक्ष असतं प्रसादाकडे आणि मोबाइलकडे.

मी गुरवमामांकडे गेले. ते देवळाच्या पायरीवर आमसुलाच्या पाण्याने समया घासत होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांची सून माझ्याच शेडवर आहे आणि आमच्या संघात आहे.

"देवापुढे खोटं बोलणार नाय हां मी," ते आधीच म्हणाले.

मी म्हटलं, "खोटं कशाला? टपरीवर चार माणसांत शब्द दिलाय. तो देवाच्या कानावर घाला, एवढंच."

मामा समई फिरवून फिरवून बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या सुनेला फलंदाजीला पहिली पाठवशील?"

मी तोंड वाकडं केलं. म्हटलं, पहिल्या नंबरला वेगळीच ठरलेली आहे, ती नाराज होईल. तिसरी पाठवते. ते म्हणाले, तिसरी तर माझी म्हैसही जाईल. दुसरी, म्हटलं. त्यांनी समई खाली ठेवली आणि दुसरी उचलली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटी मी मोठा उसासा टाकून पहिली कबूल केली. खरं म्हणजे त्यांच्या सुनेसारखं आमच्यात कुणी मारत नाही आणि ती पहिलीच जाणार होती. पण ते त्यांना कशाला सांगू? फुकट मिळालेलं त्यांनाही पटलं नसतं.

स्पर्धेच्या पहिल्या दिवशी सकाळी खेळपट्टीजवळ सगळे जमले. अध्यक्ष टोपी घालून पुढे, कमिटी बाजूला, मुंबईहून आलेली पोरं पाठीमागे. आम्ही बायका कडेला. मामांनी नारळ धरला आणि सुरुवात केली. हे बा देवा महाराजा, आज तुझी लेकरं तुझ्या सड्यावर खेळ मांडतायत, तो गोडीगुलाबीने पार पाड रे महाराजा. व्हय महाराजा. कुणाचा हात नको मोडू, कुणाचं डोकं नको फोडू रे महाराजा. व्हय महाराजा. मुंबईकर लेकरांना आल्या वाटेने सुखरूप पोचव रे महाराजा. व्हय महाराजा. अध्यक्ष एका हाताने टोपी सारखी करत होते आणि दुसऱ्या हाताने स्टेजवाल्याला खुणा करत होते.

मग त्याच सुरात, श्वास न बदलता मामा म्हणाले, "आणि उद्या दुपारी ज्या तुझ्या लेकीसुना ह्याच मैदानात हाच खेळ खेळणार आहेत, त्यांच्याही पाठीशी उभा रहा रे महाराजा."

"व्हय महाराजा," गाव म्हणालं. अध्यक्षांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्यांचा नेहमीच असतो.

नारळ फुटला. त्यानंतर कुठे माझ्या बाजूच्या बायका हसायला लागल्या, आणि त्या का हसतात हे एकेकाला समजत गेलं. कमिटीतला एक जण म्हणाला, असं काय ठरलेलं नाय. अध्यक्ष मामांपाशी आले. म्हणाले, "मामा, हे गाऱ्हाण्यात घालायचं नव्हतं. चुकून गेलं, असं धरू."

मामा खोबऱ्याचे तुकडे करत होते. "बरं," म्हणाले. "मग दुसरा नारळ आणा. मी परत गाऱ्हाणं घालतो, बायकांची मॅच नको म्हणून. तुम्ही सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं, नाय महाराजा."

'नाय महाराजा' हे शब्द त्या सड्यावर आजवर कुणी उच्चारले नसावेत. कमिटीतल्या माणसाने बागायतदाराकडे पाहिलं, बागायतदाराने अध्यक्षांकडे आणि अध्यक्षांनी आकाशाकडे. सगळ्या देशाबद्दल मत असलेली ही माणसं, पण देवासमोर ते मोठ्याने बोलून दाखवायला एकही पुढे आला नाही. मी खोबऱ्याचा तुकडा उचलला आणि शेडवर गेले. बायकांना सराव करायचा होता.

दुसऱ्या दिवशी आम्हाला जेवणाची वेळ मिळाली, भर उन्हात. पुरुष ताटं हातात घेऊन सावलीत बसले होते. पहिल्या दोन चेंडूंना टिंगल झाली. बॅट धरलीय की लाटणं, असं कुणीतरी ओरडलं. तिसरा चेंडू गुरवमामांच्या सुनेने देवळाच्या बाजूला असा मारला की तो जेवणाच्या पंगतीत पडला आणि एकाच्या ताटातली आमटी दुसऱ्याच्या सदऱ्यावर गेली. नंतर टिंगल झाली नाही. ताटं तशीच हातात राहिली.

आम्ही हरलो. बचत गटवाल्या सरस होत्या, आणि शेवटच्या षटकातला वाइड पंचाने दिला नाही, हे मी आजही मान्य करत नाही. पण माझ्या बायका घामेजलेल्या, लाल मातीने माखलेल्या, त्याच मातीवर बसून हसत होत्या. हरल्याचं दुःख एकट्या मलाच झालं होतं.

संध्याकाळी ग्रुपवर अध्यक्षांचं लिखाण आलं, फोटोंसकट. आमच्या मंडळाने तालुक्यात प्रथमच गावातील रणरागिणींना मैदान खुलं करून दिलं. खाली फुलं, हात जोडलेले, टाळ्या. मातीचा उल्लेख नाही. मैदानाच्या तोंडाशी लावलेल्या बॅनरवरही नव्हता. तो बॅनर अजून माझ्या डोक्यात आहे आणि राहील. मी विसरणाऱ्यांतली नाही.

त्यानंतर गावात दोनदा गाऱ्हाणं झालं. एकदा शिमग्याला, एकदा बागायतदाराच्या नव्या विहिरीवर. दोन्ही वेळा मी मुद्दाम जाऊन उभी राहिले. मामांनी मागणं मागितलं, सूर वर चढवला आणि थांबले. 'व्हय' आला नाही लगेच. माणसं माझ्याकडे बघत होती, मामा काय बोलले ते मनात पुन्हा म्हणून बघत होती, आणि मग कुठे एकेक करून, चाचरत, व्हय महाराजा. अध्यक्षांचा आवाज सगळ्यांच्या शेवटी आला.

विहिरीला पाणी लागो, एवढंच मागितलं होतं मामांनी.