उभ्या राहणाऱ्या बाईनं आधी काय वाचावं

सरपंचाच्या धाकट्या भावानं माझ्या तोंडात कागद कोंबला. ग्रामपंचायतीच्या कायद्याचं माझं पुस्तक, त्याचीच फाडलेली पानं. एकानं मागून केस धरलेले. दुसऱ्यानं हात पिरगळलेले.

"लई वाचती ना? खा. पोटात गेलं म्हंजी ध्यानात ऱ्हाईल."

भर दुपार. कर्जतच्या रस्त्याचं दुष्काळी काम. खडी फोडणाऱ्या बायांचे हातोडे थांबले. मुकादम पाठ फिरवून विडी ओढत राहिला.

पंचायतीच्या निवडणुकीला माझी मी उभी राहणार, एवढंच मी बोलले होते.

मागच्या खेपेला सरपंचाच्या घरच्यांनीच मला बायकांच्या राखीव जागेवर उभं केलं. त्यांच्याच सालगड्याची बायको, तोंड उघडणार नाही. सभेला कधी बोलावलं नाही. शिपाई घरी येऊन शाईचा पॅड पुढे करायचा. मी चौथी शिकलेली. सही करते म्हटलं तर म्हणाला, "सरपंचांनी अंगठा सांगितलाय." कशावर, ते दाखवत नसे.

मग आमच्या वस्तीला मंजूर झालेली विहीर सरपंचाच्या मळ्यात खणली. आम्ही कोसभरावरून पाणी आणत होतो. विचारायला गेले, तर ग्रामसेवक हसला. "ठरावावर तुमचाच अंगठा हाय, बाई."

त्याच आठवड्यात तालुक्याला जाऊन पुस्तक घेतलं. कामावर भाकरी खाताना बायांना मोठ्यानं वाचून दाखवू लागले. एक म्हणाली, "ह्यात कालवण कसं करायचं ते लिव्हलंय का गं?" सगळ्या हसल्या. सदस्याला सभेची नोटीस द्यावीच लागते, इथवर आले तेव्हा हसणं थांबलं. ते सरपंचाच्या कानावर गेलं. नवऱ्याला कामावरून काढलं. मग माझी पाळी.

आणखी एक पान कोंबताना त्याची बोटं आत आली. मी दात मिटले. त्यानं कानशिलात मारली, पुन्हा मारली. माझा दात तुटला. मी सोडलं नाही. हाड लागेपर्यंत चावले. जन्मात ज्यानं मला 'ए' याखेरीज हाक मारली नाही, तो गुडघ्यावर आला. "सोड, वहिनी. सोड गं."

मी सोडलं तेव्हा बोट लोंबत होतं. धरणारे दोघं पळाले होते.

ह्यांनाही दुखतं. मला ते माहीतच नव्हतं.

तोंडाला फडकं बांधून जाऊन अर्ज भरला.

आता आसपासच्या गावांतल्या उभ्या राहणाऱ्या बाया विचारतात, काय वाचावं. पंचायतीचा कायदा वाचा. नवऱ्याकडून ऐकू नका, स्वतः वाचा. मतदारयादी वाचा, गावातले कोणकोण मेलेले तिथं जिवंत आहेत ते बघा. घरात कडी लावून वाचू नका, चारचौघींत वाचा. पुस्तकं दोन घ्या. एक फाडतात.

परवा नवरा सरपंचाकडे जाऊन आला. "अर्ज मागं घे. मी कबूल करून आलोय." मी त्याला वाचून दाखवलं. माघारीला उमेदवाराची स्वतःची सही लागते, नवऱ्याचा शब्द चालत नाही.

त्यानं उठून दाराला कडी घातली. मग म्हणाला, "तुला जित्ती ठिवत्याल व्हय?"

"मेले तर तुमी उभं ऱ्हावा," मी म्हणाले. "जित्ती हाय तवर माघारीवर माजी सही व्हनार न्हाई."