कुंडलिकचं दोन मिनिटांचं भाषण

कुंडलिक सोलापुरात गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, कामाला होता. साच्यांच्या खडखडाटात दिवस काढणारी माणसं एकतर ओरडून बोलतात, नाहीतर बोलायचंच सोडून देतात. हा दुसऱ्या जातीचा. तरी सत्तरनंतरची चार-पाच वर्षं दुधनीकडच्या खेड्यांत लोक त्याला 'भाषणवाले' म्हणून ओळखायचे. हे सगळं पंचाक्षरी साहेबांमुळं झालं.

पंचाक्षरी कुटुंब नियोजनाच्या शिबिरांचं काम बघायचे. कुंडलिकनं दोन मुलांवर नसबंदी करून घेतली होती, तीही कुणी मागं न लागता. पंचाक्षरींना असाच माणूस हवा होता. डॉक्टर कितीही बोलले तरी खेड्यातली माणसं माना डोलावून घरी जात. त्यांना प्रत्यक्ष करून आलेला माणूस बघायचा असे.

"तू नुसतं उभं राहायचं आणि स्वतःबद्दल सांगायचं. दोन मिनिटं."

"मला काय येतंय सायब?"

"स्वतःचं नाव येतंय की नाही?"

नाव आलं. पण पहिल्या शिबिरात नावापासून सुरुवात करून कुंडलिक थेट आज्यापर्यंत गेला. आजा नातेपुत्याकडून का निघाला, वाटेत गाडीचा आख कसा मोडला, सगळं. माणसं एकेक करून पाणी प्यायला उठली. परतताना जीपमध्ये पंचाक्षरी म्हणाले, "आज्याला न्यायचंय का रे ऑपरेशनला?"

मग प्रत्येक वेळी जीपमध्ये त्या भाषणाची काटछाट होऊ लागली. आजा गेला, गाव गेलं. नाव, काम, ऑपरेशन, आणि पुन्हा साच्यावर उभा राहिलो ते, एवढंच उरलं. कुणीतरी मागून हमखास ओरडायचं, "म्हंजे बैलच झालास की रं!"

"व्हय बाबा," कुंडलिक म्हणायचा, "पन नांगूर कोन वडतंय? बैलच की."

तंबू हसायचा. हसून लोक घरी जायचे.

एकदा रंभाबाई नावाची म्हातारी पुढं बसली होती. तिनं मध्येच विचारलं, "ते ऱ्हाऊ दे लेकरा. पोरं जगली का तुजी?"

कुंडलिकला याचं उत्तर पाठ करायची गरज नव्हती. "एक पोरगी, एक पोरगा. दोनी हायती. दोनी शाळंत जात्यात."

कुणी हसलं नाही. ज्यांच्या घरात पाळणा रिकामा झालेला होता अशी माणसं त्या तंबूत पुष्कळ होती. त्या दिवशी पहिल्यांदा रांग लागली.

"हे शेवटचं वाक्य," पंचाक्षरी म्हणाले. "याच्यापुढं एक अक्षर नको."

घरी कुंडलिक आरशापुढं ते म्हणून बघायचा. येसूबाई पदर तोंडाला लावून हसायची आणि महिपती, त्याचा मुलगा, बाजेवर उभा राहून बापाची नक्कल करायचा. दोनी हायती, दोनी शाळंत जात्यात.

शहात्तरच्या पावसाळ्यात महिपतीला घटसर्प झाला. घसा सुजला, श्वास कोंडला. दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता.

महिन्याभरानं पंचाक्षरी घरी आले. खाली बसले, पुढं ठेवलेला चहा घेतला नाही. म्हणाले, "कुंडलिक, वरून आकडा आलाय. नाही भरला तर माझी नोकरी राहत नाही. दुधनीकडं शिबिर आहे. तिथली माणसं तुझंच नाव घेतात."

"सांगू काय सायब मी?"

"शेवटचं वाक्य गाळू आपण."

साच्यावर उभ्या उभ्या कुंडलिक भाषण जुळवू लागला. शेवट गाळला की भाषण अर्ध्यावरच बसायचं. मला एक मुलगी आहे, म्हणावं, तर मुलगा नाही का, असं कुणीतरी विचारणारच. एक मुलगा होता, म्हणावं, तर तंबूत कोण थांबेल? आणि कुणी थांबू नये असंच आपल्याला वाटतंय की काय, हेही त्याला कळेना. डॉक्टरचं काही चुकलं नव्हतं. पंचाक्षरींचंही नाही. मग चुकलं कुणाचं?

त्यानं येसूबाईला विचारलं. ती जोंधळे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला कशाला इचारताय? तवा इचारलं हुतं का?"



शिबिराच्या दिवशी तो उभा राहिला. नाव सांगितलं, काम सांगितलं. बैलाची आरोळी आली, तिला उत्तरही दिलं. ठरल्या जागी थांबला. तेवढ्यात खांद्यावर पोरगं घेतलेला एक किडकिडीत शेतकरी उठला. ईरप्पा त्याचं नाव.

"पोरं बरी हायती न्हवं तुमची? रंभाबाई आमची मावशी. तिनं सांगितलंय, त्येला पोरांचं इचार, मगच आत जा."

कुंडलिकनं पंचाक्षरींकडं पाहिलं. ते तंबूची दोरी ताणून बांधत होते. बांधलेलीच होती ती.

खरं सांगायचं म्हणून कुंडलिकनं तोंड उघडलं. तोंड सवयीचं होतं.

"दोनी हायती," ते म्हणालं. "दोनी शाळंत जात्यात."

ईरप्पानं पोरगं बायकोकडं दिलं आणि तो आत गेला. कुंडलिक त्याच्या मागं पडद्यापर्यंत गेला. नर्सबाई म्हणाली, "आता आत नाही यायचं दादा." तो बाहेर लिंबाखाली येऊन बसला. हाक मारावी असं त्याला दोनदा वाटलं.

बऱ्याच वेळानं ईरप्पा धोतर सावरत हळूहळू बाहेर आला. बायको गाडी जुंपून घ्यायला पुढं गेली होती. पोरगं पायाशी येऊन हात वर करून उभं राहिलं.

"तुमीच घ्या वाईच," ईरप्पा म्हणाला. "आज उचलू नगं म्हनलेत."

कुंडलिकनं पोराला उचललं. त्यानं लगेच मानेला मिठी मारली. दोघं गाडीकडं चालू लागले.

"कितवीत हाय तुमचा पोरगा?"

"चौथीत गेला औंदा."

"अब्यासाला बसतोय का आपला आपला?"

"न्हाय. माज्यासंगं बसतोय."

"मारता का?"

"कदी कदी," कुंडलिक म्हणाला. गाडी अजून लांब होती आणि ईरप्पाला सगळं विचारायचं होतं.