होझिया टिलरीची दोन दिवसांची रजा

तर त्या शुक्रवारी बदामी रंगाच्या लांबड्या गाडीतून चौघींच्या जागी तिघीच उतरल्या, आणि होझिया टिलरीनं हातातलं कालव न फोडताच बर्फावर ठेवून दिलं. चौथी बाई गुडघ्यानं अडली होती आणि डेमोपोलिसलाच राहिली होती, हे त्याला मागाहून कळलं. त्याला पाहायचं होतं ते एवढंच, की वर्लीन आली का. वर्लीन आली होती. डोक्यावर जांभळी टोपी, हातात केकचा डबा आणि चेहऱ्यावर तीन तास गाडीत बसल्याचा वैताग. होझियानं पुन्हा सुरी उचलली.

मोबील शहरात डॉफिन स्ट्रीटवरच्या त्या खाणावळीत तो चाळीस वर्षं कालवं फोडत होता. सुरीचं टोक शिंपल्याच्या बिजागरीत घालायचं, मनगट जरासं वळवायचं, की कालवाला कळायच्या आत ते उघडं पडलेलं असायचं. पण एवढ्या हुशार हाताचा माणूस तोंडानं मात्र कच्चा. एकसष्ट वर्षांचा झाला, बायको जाऊन अकरा वर्षं झाली, आणि गिऱ्हाइकांशी त्याचं बोलणं म्हणजे 'लिंबू देऊ?' आणि 'अजून एक डझन?' एवढंच.

डेमोपोलिसच्या एकाच चर्चमधल्या या बायका दर वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी यायच्या, दोन दिवस खायच्या-प्यायच्या आणि रविवारी प्रार्थनेनंतर परत जायच्या. सात वर्षं हा नेम चालला होता. आणि सातही वर्षं वर्लीन काउंटरच्या शेवटच्या स्टुलावर, होझियाच्या अगदी समोर बसायची. ती शाळेत स्वयंपाकीण होती, त्यामुळे दुसऱ्याच्या हातचं खाताना तिचा जीव कसा हलका व्हायचा. तिचाही नवरा दोन वर्षांमागं गेला होता.

"ब्रदर टिलरी," तिची मैत्रीण पॉलीन चर्चमधल्या रीतीनं म्हणाली, "आम्हालाही कालवं मिळणार आहेत, का सगळी मोठी मोठी सिस्टर वर्लीनच्याच बशीत?"

"मोठी आपणहून तिकडं सरकतात," होझिया म्हणाला. त्याच्या मानानं हे मोठंच भाषण झालं. आत कढईपाशी उभी असलेली डेसी, त्या खाणावळीची स्वयंपाकीण, ते ऐकून झारा हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

पुढचं ऐकून तर तिनं झारा खालीच ठेवला. होझियानं शनिवार-रविवारची रजा घेतली होती. बायको गेल्यानंतरची पहिली.

"रजा घेऊन करणार काय?" डेसीनं विचारलं.

"यांना दाखवतो, गावात काय काय खायला मिळतं ते."

"सात वर्षं येतात त्या. त्यांना माहीत नाही?"

"सगळं नाही माहीत."

आता खरी गोष्ट अशी, की होझियाला वर्लीनला विचारायचं होतं, इथंच राहाल का म्हणून. ते वर्षभर त्याच्या मनात होतं. आणि ते एकदम कसं विचारायचं, म्हणून त्यानं आधी खायचा बेत आखला. आमच्याकडं माणसाच्या मनातलं ताटावरूनच पुढं सरकतं, हा त्याचा हिशेब काही चुकीचा नव्हता. चुकलं ते वेगळंच.

शनिवारी सकाळी तळलेला बोय मासा आणि लोण्यात भिजलेल्या मक्याच्या कण्या. वर्लीननं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. होझियानं घसा साफ केला, तेवढ्यात वाढणारी बाई कॉफी घेऊन आली. ती गेली तोवर वर्लीननं डोळे उघडले होते, आणि उघड्या डोळ्यांसमोर बोलणं त्याला जमेना.

दुपारी पॉलीन आणि तिसरी बाई आयरिस म्हणाल्या, आम्हाला जोडे बघायचेत, तुम्ही दोघं जा पुढं. चार तास दोघींनी जोडे पाहिले आणि एकही घेतला नाही, यावरून काय ते समजा. होझिया वर्लीनला खाडीवरच्या बांधाच्या रस्त्यावर गंबो खायला घेऊन गेला. खिडकीखाली पाणी, पाण्यात पेलिकन, आणि समोर भेंडी न् कोळंबीचा दाट वाफाळता वाडगा.

"वर्लीन," तो म्हणाला. मिस नाही, सिस्टर नाही, नुसतंच वर्लीन.

तिनं चमचा खाली ठेवला. "बोला ना."

"यात खेकडा आहे. कवच दाताखाली येईल, जपून."

"बरं," वर्लीन म्हणाली आणि तिनं चमचा पुन्हा उचलला.

संध्याकाळी ते चौकातल्या ओकच्या झाडाखाली बाकावर बसले. कागदी पेल्यात दोन-दोन बोटं बर्बन व्हिस्की होती. चर्चची बाई म्हणून वर्लीन पेला रुमालात गुंडाळून प्यायची. थोडं पोटात गेल्यावर ती म्हणाली, "काम सोडल्यावर काय करणार हो तुम्ही?"

यापेक्षा मोठं दार कुणी कुणाला उघडून देतं का? होझियाकडं उत्तरही होतं. वर्षभर घोटून ठेवलेलं.

"बघू," तो म्हणाला. "आधी उठू या. कोपऱ्यावरचं केळ्याचं पुडिंग सहालाच संपतं."

पुडिंग चांगलं होतं म्हणे. त्यानं तिला स्वतःचंही अर्धं दिलं.

पुढचं सांगायच्या आधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. इकडं कुणी कुणाच्या दारातून निघालं, की निघणाऱ्यानं म्हणायचं, 'या की आमच्याबरोबर.' आणि राहणाऱ्यानं म्हणायचं, 'जमायचं नाही हो, तुम्हीच राहा.' बस. यातलं कुणी कुठं जात नाही न् कुणी राहत नाही. होझियाच्या लहानपणी त्याचा रूफस काका एका फिरत्या ब्रशवाल्याला असंच 'या की आमच्याबरोबर' म्हणाला, आणि तो परगावचा बिचारा खरंच खेचरगाडीत चढून बसला. नऊ दिवस राहिला. दोन कोंबड्या आणि भांडंभर काकवी संपवून गेला, आणि जाताना सगळ्यांना म्हणाला, या की आमच्याबरोबर. त्या नऊ दिवसांत होझियाच्या आईनं पोरांना बजावलं ते बजावलंच. कुणी 'चला' म्हटलं की 'नाही' म्हणायचं. जाणारा माणूस बोलायचं म्हणून बोलतो. त्याचं खरं धरून त्याला अडचणीत आणायचं नाही.

रविवारी सकाळी ताकातली गरम बिस्किटं झाली, काकवी झाली, प्रार्थना झाली. चर्चच्या मागं गाडी उभी होती. सामान भरलं. पॉलीन स्टिअरिंगपाशी बसली, आयरिस तिच्या शेजारी. मागच्या सीटवर केकचा रिकामा डबा होता. वर्लीननं तो उचलून काखेत धरला, सीटवरचे तुकडे हातानं झाडले, आणि उघडं दार धरून उभी राहिली.

"बरं मग," ती म्हणाली. "या की आमच्याबरोबर."

होझियानं टोपी काढली. 'येतो' ओठांपर्यंत आलं होतं, पण त्याच्याही आधी आईचे शब्द आले. "जमायचं नाही हो," तो म्हणाला. "तुम्हीच राहा."

वर्लीन जरा थांबली. दुसऱ्यांदा म्हणेल असं त्याला वाटलं. तो दुसऱ्यांदा म्हणेल असं तिला वाटलं असेल. मग पॉलीननं गाडी सुरू केली आणि दार लागलं.

त्या हिवाळ्यात त्यानं तीन पत्रं लिहायला घेतली. तिन्हींत पहिल्या ओळीत कालवं यंदा लहान आहेत असं लिहिलं आणि तिथंच अडकला. फोन करावा, तर फोनवर समोर ताट नसतं. म्हणाला, नोव्हेंबर काही लांब नाही.

नोव्हेंबर आला. बदामी गाडी आली. पॉलीन उतरली, आयरिस उतरली, आणि गुडघेवालीही या खेपेला काठी टेकत आली. शेवटचं स्टूल रिकामंच राहिलं. होझियानं तिघींपुढं बश्या ठेवल्या, लिंबू ठेवलं, आणि रिकाम्या स्टुलापुढचा काउंटर दोनदा पुसला. शेवटी डेसीनंच दारातून विचारलं.

"सिस्टर वर्लीन कुठंय?"

"लग्न केलं तिनं," पॉलीन म्हणाली. "ईस्टरनंतर. आमच्या चर्चमधले निवृत्त पोस्टमन आहेत. चांगले आहेत, पण कालवं खात नाहीत, आणि तिलाही खाऊ देत नाहीत. म्हणतात, कच्चं ते कच्चं."

होझियाची सुरी थांबली नाही. बिजागरी, मनगट, बिजागरी, मनगट.

पॉलीननं एक कालव गिळलं, वर पाणी प्यायलं आणि मग तिला राहवेना. "ब्रदर टिलरी, मी सांगणार नव्हते. पण मागल्या वर्षी येतानाच वाटेत ती म्हणाली होती, जाताना मागची जागा मोकळी ठेवा, मी त्यांना विचारणार आहे. आपल्याबरोबरच येऊ देत, चार दिवस राहू देत, मग बघू म्हणाली. तिनं विचारलंही. तुम्ही नाही म्हणालात. पार ग्रोव्ह हिलपर्यंत, अर्धी वाट, ती खिडकीबाहेरच बघत होती. नुसता तो डबा मांडीवर."

"ते खरं होतं?" होझिया म्हणाला.

"सीट झाडलेली पाहिली नाहीत तुम्ही?"

पाहिली होती. बिजागरी चुकली आणि सुरी अंगठ्याला लागली. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. डेसी फडकं घेऊन धावली, त्याला ओढतच आत घेऊन गेली आणि नळाखाली त्याचा हात धरला. पाणी वाहत होतं, लाल, मग गुलाबी.

"तिचं जाऊ दे," डेसी म्हणाली. "तू तिला म्हणाला असशीलच ना, 'तुम्हीच राहा' म्हणून. ते तू तरी रीत म्हणून म्हणालास, की मनापासून?"

होझियानं अंगठ्यावर फडकं घट्ट धरलं.

"डेसी, माझ्या ओसरीवर एकच खुर्ची होती. त्या शनिवारी उजाडताच जाऊन मी दुसरी आणली. तिला न्यायचं होतं दाखवायला, पण आधी काय खाऊ घालायचं यातच दोन दिवस गेले."