वरचं नाव, खालचं नाव

सकाळचे सात वाजून गेले होते. चुलीवर ओटची लापशी रटरटत होती. रसल, माझा नवरा, पहाटेच एका अडलेल्या गाईकडे गेला होता आणि मी त्याचे ओले मोजे चुलीपुढच्या खुर्चीवर पसरत होते. तेवढ्यात दार वाजलं.

तेही पुढचं दार. आमच्या कुरिगल खोऱ्यात दार कोणी वाजवत नाही. मागच्या बाजूने यायचं, बूट काढता काढता हाक मारायची आणि किटली आपणच चढवायची. पुढचं दार वाजतं ते पोलीस आला तर, नाहीतर धर्माची पत्रकं वाटणारे आले तर. आमचं दार हिवाळ्याच्या ओलीने फुगून बसलेलं, आणि आतून त्याला जळणाची पेटी टेकवलेली.

"मागून या!" मी ओरडले.

"नाही येत. हेच उघड."

आवाज नोलाचा होता. पेटी सरकवली, कडी दोन्ही हातांनी धरून ओढली, तेव्हा कुठे दार कुरकुरत उघडलं. पायरीवर नोला क्वेल उभी. अंगात चर्चला जायचा निळा कोट, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि डोक्यावर आईस्क्रीमचा रिकामा प्लास्टिकचा डबा, हनुवटीखाली दोरीने बांधलेला. डब्याच्या मागच्या बाजूला काळ्या शाईने काढलेले दोन मोठे डोळे.

सप्टेंबरात, म्हणजे आमच्याकडच्या वसंतात, मॅगपाय पक्षी घरट्यात बसतात आणि रस्त्याने चालणाऱ्याच्या डोक्यावर मागून झडप घालतात. डोळे दिसले की मात्र कचरतात. तेव्हा डब्याचं नवल नव्हतं. नवल हे की नोला चालत आली होती. अडीच किलोमीटर. मी लग्न होऊन या खोऱ्यात आले त्याला सव्वीस वर्षं झाली, पण नोलाला रस्त्यावर चाकांशिवाय कधी पाहिलं नव्हतं.

"काय झालं?"

"हात पुढे कर." तिने माझ्या तळहातावर गाडीच्या किल्ल्या ठेवल्या. "काल डॉक्टरने डोळे तपासले. मधलं सगळं गेलंय म्हणे. कडेकडेचं दिसतं तेवढंच. लायसन काढून घेतलं."

"मग काल घरी कशी आलीस?"

"जशी गेले तशी. गाडीला कोण आणणार होतं? पंचविसाच्या वर नेली नाही. मागे दुधाचा टँकर भोंगा वाजवून वाजवून थकला. ती शेवटची. आता या किल्ल्या कुठेतरी लपव. माझ्या खिळ्याला राहिल्या तर मी चालवीन, मला माहितीये मी कशी आहे ते."

"आत तरी ये. आणि पुढच्या दाराने कशाला आलीस गं?"

"ही काही चहा प्यायला येण्यासारखी गोष्ट आहे का?" असं म्हणून तिने चहा मात्र दोन कप घेतला.

दुसऱ्या कपाला खरी गोष्ट बाहेर आली. नोलाची मुलगी लिनेट तीन तासांवर, समुद्रकाठच्या शहरात राहते. गेली पाच वर्षं ती आईला म्हणते आहे, खाली माझ्याजवळ ये, दोन खोल्यांचं छान घर बघून ठेवलंय. त्यावर नोलाने तिला एकदा शब्द देऊन ठेवला होता, की ज्या दिवशी गाडी सुटेल त्या दिवशी येते. तिला वाटलं होतं, गाडी सुटेल तेव्हा आपणही सुटलेलो असू.

"रविवारी येतेय ती," नोला म्हणाली. खिडकीतून डोंगर दिसत होता, माथ्यावर अजून बर्फ. ती त्याच्याकडे मान तिरकी करून बघत होती, कोंबडी बघते तशी. "कोणाला सांगू नकोस. मला जरा विचार करू दे."

मी कोणाला सांगितलं नाही. फक्त रसलला. नवऱ्याला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे असं मी धरून चालले होते. रसलने पशुखाद्याच्या दुकानात फक्त डेसला सांगितलं. डेस हॅनरहन हा आमच्या अग्निशमन दलाचा कप्तान आणि खोऱ्याच्या सामाईक हॉलच्या कमिटीचा अध्यक्ष. डेसने बहुधा कोणालाच वगळलं नाही.

नोलाने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. खोऱ्यात वाढलेला, तिशी ते पन्नाशीतला असा माणूस नाही, जो तिच्या बसमध्ये बसलेला नाही. कोणाला वळणावर मळमळायचं, कोण डबा न खाता फेकायचं, कोणाच्या घरी सकाळी भांडण झालेलं असायचं, हे तिला पायरीवर पाऊल पडताच कळे. बर्फात, पुरात, एकदा तर डोंगराला आग लागलेली असताना, दिवे लावून, खिडक्यांना ओली पोती लावून तिने सतरा पोरं खाली आणली होती. त्याबद्दल कोणी बोललं की म्हणायची, "दुसरा रस्ता होता का?"

आणि हॉलमधला फळाही तिचाच. कोणाकडे आजारपण आलं, कोणी गेलं, बाळ आलं, की फळ्याच्या वरच्या भागात त्या घराचं नाव चढतं. त्याखाली सात वार, आणि प्रत्येक वारासमोर कोणी जेवण पोचवायचं, कोणी लाकडं फोडायची, कोणी कुत्र्यांना खायला घालायचं. त्या घराला विचारायचं नाही. विचारलं की माणूस नको म्हणतो. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून आपलं नाव लिहायचं, म्हणजे भांडी परत आपापल्या घरी जातात. फळ्याच्या खालच्या भागात हॉलची कामं: झाडलोट, दफनभूमीतलं गवत, आणि दर महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी सगळ्यांचं एकत्र जेवण असतं तेव्हाचा चहाचा बंब. ज्याचं नाव वर जातं त्याचं खालून पुसतात. दुखण्यात माणसाला कामाची आठवणसुद्धा नको, हा नोलाचाच नियम.

बंबावर मात्र बावीस वर्षं तिचंच नाव होतं. पाणी उकळल्याचं सांगणारा त्याचा दिवा केव्हाच बिघडलाय, पण तिला दिवा लागतच नसे. पाठ करून बसायची आणि मध्येच म्हणायची, "आता." उकळी तिला कानाने कळे. नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा ॲलेक गेला, मधमाश्या पाळायचा तो, तेव्हा तिचं नाव दोन आठवडे वर होतं. पंधराव्या दिवशी हॉलमध्ये आली, आपलं नाव बाहीने पुसलं आणि खाली बंबापुढे परत लिहिलं.

त्या आठवड्यातला शुक्रवार तिसरा होता; जेवणाला तिला मीच घेऊन गेले. मांडीवर खजुराच्या केकचा डबा. हॉलमध्ये शिरलो आणि सगळे एकदम गप्प झाले. वाढदिवसाला दिवे लावायच्या आधी होतात तसे, हसू दाबून. डेस फळ्यापाशी उभा होता, चकचकीत दाढी केलेला.

फळ्यावर वर, मोठ्या अक्षरात: नोला क्वेल. खाली सातही वार भरलेले. सोमवार, शहरात खरेदी, डेस. मंगळवार, डॉक्टर असला तर आम्ही, रसलच्या अक्षरात. बुधवार, वाचनालय. गुरुवारपासून रविवारपर्यंत काहीच रिकामं नाही. कडेला जागा न मिळालेल्या तिघांनी आडवी नावं लिहिलेली. तिला दिसावं म्हणून अक्षरं हाताएवढी काढली होती.

नोलाने मान तिरकी करून सगळं वाचलं. वेळ लागला. मग ती खालच्या भागाकडे वळली. चहाचा बंब, आणि पुढे डेसच्या बायकोचं नाव.

"मेले का मी?" ती म्हणाली.

कोणीतरी हसलं आणि थांबलं.

"अगं नोला," डेस म्हणाला, "आता तुला खोरं सोडून कुठे जायला नको. लिनेटला हा फळाच दाखवू."

"चौऱ्याऐंशी साली बसच्या तिसऱ्या बाकावर तू ओकलास, डेस हॅनरहन. मी पुसलं. आणि आता तू मला बाजारात नेणार, पिशवी धरून?"

"नेणार की! पिशवी पण धरणार. त्याचं काय?"

"बंब उकळला नाहीये अजून," ती म्हणाली. आणि कोटाच्या बाहीने तिने आपलं नाव पुसलं. वार तसेच राहिले, वर नावाच्या जागी खडूचा पांढरा ढग. केकचा डबा टेबलावर ठेवला आणि ती बाहेर माझ्या गाडीत जाऊन बसली.

डेस माझ्याकडे बघत राहिला. "आम्ही तर तिच्याच पद्धतीने केलं," तो म्हणाला. एवढा थोरला माणूस, पण आवाज बसमधल्या पोराचा.

परतताना ती म्हणाली, "तुला सांगू नकोस म्हटलं होतं."

"फक्त रसलला सांगितलं."

"रसल म्हणजे रेडिओ आहे. तो तर लहानपणापासून."



शनिवारी दुपारी मी तिच्याकडे गेले, मागच्या दाराने, हाक मारत. स्वयंपाकघरात फरशीवर खोकी. ती भांडी उलटी करून बुडावरच्या चिकटपट्ट्या बोटाने चाचपत होती. "ही कोणाची बघ गं? लोकांची अकरा भांडी निघाली माझ्याकडे. जायच्या आधी पोचवायला हवीत."

"म्हणजे जायचं ठरलं?"

"शब्द दिलाय."

मी भांडं घेतलं. माझंच होतं. मग मला राग आला, तिचा, माझा, सगळ्यांचाच. "नोला, काल सगळे किती मनापासून उभे होते. नियम तुझा, फळा तुझा. मग तुलाच का डसला?"

ती स्टुलावर बसली. "तो नियम बऱ्या होणाऱ्यांसाठी केलेला आहे, पोरी. दोन आठवडे वर राहायचं, मग खाली यायचं. मोडलेला पाय जुळतो, बाळं मोठी होतात. ॲलेक गेला ते दुःखही थोडं मागे सरकलं. डोळे काही परत येत नाहीत. माझं नाव एकदा वर चढलं की खाली कधी यायचं? वरच राहायचं असेल तर समुद्रकाठी राहीन. तिथे निदान मी कोणाला बसमधून नेलेलं-आणलेलं नाही."

मी किटली चढवली. ती पाठ करून बसली होती. पाण्याने सूर बदलला तसं ती म्हणाली, "आता." मी झाकण उचललं. बुडबुडे नुकतेच फुटायला लागले होते.

संध्याकाळी मी डेसच्या घरी गेले आणि या वेळी जे सांगायचं ते मुद्दाम सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. डोकं खाजवलं. "म्हणजे चूक फळ्यात होती," तो म्हणाला.

रविवारी लिनेट आली. चांगली मुलगी आहे. आईच्या खुराड्यातल्या पाचही कोंबड्यांची नावं तिला पाठ. टेबलावर तिने नव्या घराचे फोटो मांडले, मोठे करून आणलेले. नोला ते मान तिरकी करून बघत होती आणि चांगलं आहे, चांगलं आहे म्हणत होती. मी गरम स्कोन-पावांवर लोणी लावत होते, गरजेपेक्षा जास्त.

"आई, तू स्वतः म्हणाली होतीस," लिनेट म्हणाली. "मला तुला उचलून न्यायचं नाहीये. पण तू इथे डोंगराखाली एकटी, गाडी नाही, आणि मी रात्रंदिवस फोनकडे बघत बसू का?"

"नको बसूस," नोला म्हणाली.

मागचं दार उघडलं. डेस आत आला, मोज्यांवर, आणि काखेत फळा. हॉलच्या भिंतीवरून स्क्रू काढून आणलेला. पुसलेला ढग तसाच.

"मला कोणी हात लावू देईना," तो म्हणाला. "सगळे म्हणतात, बाईंचा फळा आहे, बाईच सांगतील." त्याने तो भांड्यांच्या खोक्यांना टेकवून उभा केला आणि खिशातून खडू काढला. "लिनेट, हे बघ, सात वार. नावं खरी आहेत. गेल्या वर्षी माझी आई अंथरुणावर होती तेव्हा यातला एकही वार चुकला नव्हता."

लिनेट फळ्यापुढे उकिडवी बसली. एकेक नाव वाचत गेली. त्यातल्या निम्म्यांबरोबर ती त्याच बसमध्ये बसली होती. कडेला आडवं लिहिलेलं एक नाव वाचून ती हसली, मग तिने डोळे पुसले. "हे असं चालणार असेल," ती म्हणाली, "तर पुढच्या वसंतापर्यंत मी काही बोलत नाही. पण आई, तुला गाडीत बसावं लागेल. दुसऱ्याच्या शेजारी. दर वेळी. कुरकुर न करता."

"कुरकुर करणार," नोला म्हणाली. "डेस गिअर बदलतो ते ऐकलंयस का?"

"म्हणजे वर नाव लिहू?" डेसने विचारलं.

नोलाने टेबलावरचे फोटो एकत्र केले, कडा जुळवल्या आणि लिनेटच्या हातात दिले. खिडकीबाहेर मॅगपाय ओरडत होता.

"लिही वर," ती म्हणाली. "पुसणार नाही. पण खालीही लिही. तिसऱ्या शुक्रवारी, चहाच्या बंबापुढे, माझं नाव. आणि पाच वाजता मला कोणीतरी न्यायला या."