नवनाथच्या गाडीतला आरसा

भीमाण्णा गाडीत बसला की पहिली कुरापत आरशावरून काढणार, हे ठरलेलंच.

"नवनाथ, आरसा मागची गाडी बघायला असतोय. तू सारखं तुजंच थोबाड बघतूस!"

नवनाथ हसायचा आणि आरसा होता तसाच ठेवायचा. त्या रविवारीही तेच झालं. नवनाथच्या जुनाट ओम्नीतून तिघं दोस्त सोलापूरहून वेळापूरला निघाले होते. पुढं नवनाथ, शेजारी अक्कलकोटकडचा सिद्धलिंगप्पा, आणि मागच्या अख्ख्या सीटवर पाय पसरून भीमाण्णा, कारण वयानं थोरला तोच. सिद्धलिंगप्पा निम्मा वेळ मान मागं वळवूनच बसलेला.

"पुढं बघ की लेका, मान अवघडंल," भीमाण्णा म्हणाला.

"पुढं काय बघू? रस्ता कुटं पळून चाललाय व्हय?" सिद्धलिंगप्पानं शेंगाचटणीची पुडी सोडली आणि अर्धी भाकरी मागं सरकवली.

तिघंही अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एकाच टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर कामाला. तिथल्या शेडमध्ये पाऊल टाकलं की खडखडाटानं डोकं बधिर होतं. शेजारच्यानं कानाला तोंड लावून बोंब मारली तरी कळायचं नाही. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात, आणि समोरचा ते ओठ वाचतो. पाळी सरता सरत नाही, मग शब्दसाखळी खेळायची. एकानं 'गवत' म्हणायचं, दुसऱ्यानं 'तराजू', तिसऱ्यानं 'जनावर'. हात मागावर, ओठ खेळात. या खेळात भीमाण्णाला अजून कुणी हरवलेलं नव्हतं. वेळापुरातल्या एका मंडळानं शब्दसाखळीची स्पर्धा ठेवलीय हे नवनाथच्या मोबाईलवर आलं, तेव्हा दोघांनी परस्परच त्याचं नाव देऊन टाकलं.

आता खरी गोष्ट सांगतो. भीमाण्णाला ऐकूच येत नव्हतं. मागानं हळूहळू त्याचे दोन्ही कान खाल्ले होते, आणि हे त्यानं जगापासून लपवलं होतं. मालकाला कळलं तर मागावरून उठवून टॉवेलच्या घड्या घालायला बसवील ही धास्ती तर होतीच, पण बहिरा म्हणवून घ्यायची लाज त्याहून मोठी. घरी मीनाबाई तणतणायची, "माज्या बोलण्याकडं तुमचं ध्यानच न्हाय!" तो गुमान बसायचा. बहिरा नवरा म्हणवून घेण्यापेक्षा बेफिकीर नवरा बरा, असं त्याचं मत. काय म्हणावं या माणसाला!

वेळापुरात सकाळच्या फेऱ्या शाळेच्या वर्गात झाल्या. समोरासमोर बाकं, मध्ये हातभर अंतर. भीमाण्णानं समोरच्याच्या तोंडावरची नजर हलवली नाही. कॉलेजची पोरं गेली, एक वकील गेला, आणि दुपारी अण्णा थेट अंतिम फेरीत! नवनाथ तर वर्गाबाहेर नाचलाच.

अंतिम फेरी मात्र सभागृहात, स्टेजवर होती. समोर इंद्रायणीबाई, शाळेत शिकवणाऱ्या, हसऱ्या. पंच होते गोपाळ सर. शब्द म्हटला गेला की ते हाताचं एकेक बोट मिटणार, मूठ झाली की खेळाडू बाद. दोघांच्या हातात माईक दिले. इंद्रायणीबाईंनी माईक कुल्फीसारखा तोंडाशी धरला आणि पहिला शब्द म्हटला.

भीमाण्णाला दिसलं ते माईकचं काळं बोंडूक आणि वरचं नाक. ओठ कुठंच नाहीत. सरांचं पहिलं बोट मिटलं, दुसरं मिटलं. घाबरून त्यानं खाली प्रेक्षकांत बघितलं. पहिल्या रांगेत सिद्धलिंगप्पा ओठ हलवत होता, 'पाखर'.

"रवी!" भीमाण्णा ओरडला. टाळ्या पडल्या. पुढच्या वेळी नवनाथचे ओठ हलले. दोघं त्याला उत्तर सांगत नव्हते. बाईंनी कुठला शब्द म्हटला, तेवढंच पोचवत होते. खेळता खेळताच भीमाण्णाच्या ध्यानात आलं. म्हणजे यांना ठाऊक आहे!

पाच-सहा शब्द झाले असतील. एकदम सगळ्या माना पहिल्या रांगेकडं वळल्या. मागचा एक गडी उठून त्या दोघांकडं बोट दाखवत हातवारे करत होता. गोपाळ सर खाली उतरले. सिद्धलिंगप्पा उभा राहिला, आणि भीमाण्णानं त्याचे ओठ वाचले.

"व्हय, आमीच उत्तरं सांगत हुतो. आमाला भाईर काडा. त्येचा काय दोष न्हाय, त्येला खेळू द्या."

नवनाथनंही मान डोलावली. आयुष्यात कुणाच्या कवडीला हात न लावलेले हे दोघं, भरल्या सभागृहात चोर ठरले, पण 'त्याला ऐकू येत नाही' हे चार शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. लोक त्यांना दाराकडं ढकलायला लागले.

भीमाण्णा नुसता गप्प बसला असता तरी भागलं असतं. वर्षानुवर्षं तेच तर केलं होतं.

त्यानं माईक तोंडाशी नेला. "सोडा त्येंना! खोटं बोलत्यात दोगं. मला ऐकू येत न्हाय. मी बहिरा हाय. बाईंचा शब्द तेवडा मला सांगत हुते, उत्तर माजं मी देत हुतो."

आता हसतील म्हणून त्यानं मान खाली घातली. कुणीतरी दंडाला हात लावला म्हणून बघितलं तर इंद्रायणीबाई. त्यांनी माईक हनुवटीच्या खाली धरला आणि सावकाश म्हणाल्या, "असं दिसतं का, दादा?"

"दिसतं की," भीमाण्णा म्हणाला, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

दोघांना परत पहिल्या रांगेत बसवलं आणि मग खेळ रंगला. शेवटी बाईंनी टाकलं 'उंबरठा'. 'ठ'चे होते नव्हते ते सगळे शब्द आधीच वापरून झाल्यासारखे वाटत होते. दोन बोटं मिटली, तीन मिटली. सवयीनं त्याची नजर पहिल्या रांगेकडं गेली. दोघांनी गळ्यातले टॉवेल नाकापर्यंत ओढून तोंडं बांधून घेतली होती. पुन्हा कुणी अण्णाला चोर म्हणायला नको! ते बघून भीमाण्णाला असं हसू फुटलं की सरांची मूठ कधी झाली ते कळलंच नाही. हरला. पण टाळ्या सगळ्यांनी उभं राहून वाजवल्या, त्या त्याला डोळ्यांनी दिसल्या.

परत निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं. भीमाण्णा आपल्या जागेवर बसला आणि सवयीनं आरशाचं बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात आरशात नीट नजर गेली. आरशात नवनाथचं थोबाड कुठं होतं? डोळे नव्हते, मिशा नव्हत्या. नुसते ओठ दिसत होते, आणि तेही इथून, थोरल्याच्या जागेवरून.

"कवापासनं ठावं हाय रं तुमाला?"

आरशातले ओठ हलले. "गाडी घेतली तवापासनं."

सिद्धलिंगप्पा मान वळवून बसलेलाच होता. "आता तरी माज्या मानंला नावं ठिवू नगंस, अण्णा."

भीमाण्णानं टॉवेलनं डोळे पुसले. मोहोळ आलं तसा तो पुढं वाकला आणि म्हणाला, "घरी गेल्यावर पयलं मीनाला सांगणार हाय. आन् नवनाथ, आरसा हलवू नगंस."