सूर्याचा वेग आणि बाबांचे डोळे

बाबांची नजर अधू व्हायला लागली तेव्हा मी अमडापूरच्या शाळेत सायन्स शिकवत होतो. मोतीबिंदू असेल, पिकला की काढू, असं सगळेच म्हणायचे. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे, आतली नस वाळली, आता काही करता येत नाही. बाबा स्टुलावर बसून ऐकत होते.

शेतात जाणं बंद झालं. ओसरीवर बसून ते माझी वाट बघत. मी आलो की विचारत, "आज नवीन काय?"

एकदा मासिकात वाचलेलं सांगितलं. सगळ्या आकाशातून एक मंद ऊब येते. विश्वाच्या जन्मापासूनची. सूर्य आपल्याला घेऊन ज्या दिशेनं धावतो, तिकडून ती किंचित जास्त लागते, मागून किंचित कमी. त्या फरकावरून सूर्याचा वेग काढलाय.

"फरक कितीक?"

"एका डिग्रीचे हजार भाग केले, तर त्यातले तीनेक."

"अन् तेवढं मोजते?"

"हो. विमानात यंत्र ठेवून वर नेते, अन् मोजते."

बाबांनी तोंड आभाळाकडे केलं. मग म्हणाले, "एवढं जमते त्यायले, तं माह्या डोयाचं काऊन जमत नाही?"

ते लोक वेगळे, ते शास्त्र वेगळं, असं मी समजावू लागलो. माझं मलाच ते पोकळ वाटत होतं.

"मले शास्तर नको सांगू. कोणाले तरी विचारून तं पाह्य."

कोणाला विचारणार? तरी पुढच्या आठवड्यात त्यांना अकोल्याला नेलं. धुतलेलं धोतर, नवी टोपी घालून ते एसटीत ताठ बसले होते. तिथल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. बाबांना ती दिसली नाही. मलाच तोंडानं सांगावं लागलं.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "तू त्याले ते आकाशाचं सांगतलं काय?"

"नाही, बाबा."

"सांगाले पायजे होतं."

त्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही स्टँडकडे चालू लागलो.

पुढं रोज पेपर वाचून दाखवताना शोधांच्या बातम्या मी गाळायला लागलो. एक दिवस ते म्हणाले, "आजकाल शोध लागून नाही राह्यले काय?"

मी पान उलटलं आणि कापसाचे भाव वाचले.